सजावट विकतच आणायची, हे कोणी ठरवलं?

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या कॉलनीत टेबल सजावटीची स्पर्धा असते. नियम एकच. घरात पडून असलेल्या, टाकून द्यायच्या वस्तूंतून पाहुण्यांपुढचं टेबल मांडायचं. ही स्पर्धा आता बंद करावी, असं काही जणांनी सुचवलं आहे. सुचवणारे माझे शेजारी आहेत, शिफ्टमधले सोबती आहेत, आमच्या घरातल्या बायका एकाच भिशीत आहेत. त्यांनी कारणंही विचार करून दिली आहेत. बाजारात शंभर-दीडशे रुपयांत देखणी वस्तू मिळते, मग रिकाम्या बाटल्यांना सुतळी गुंडाळत कशाला बसायचं? पर्यावरण वाचतं म्हणावं, तर ती बाटली वर्षभरानं कचऱ्यातच जाते. आणि हा सगळा खटाटोप शेवटी बायकांच्याच गळ्यात पडतो. घरकामातून जरा उसंत मिळाली की त्यांच्या हातात कात्री आणि डिंक द्यायचा, ही कसली हौस?

स्पर्धा बंद करण्याइतकं यातलं एकही कारण मला पुरेसं वाटत नाही. शेवटचं वजनदार आहे. त्याचं उत्तर घाईत देता येणार नाही, म्हणून ते नंतर घेतो.

आधी आपण राहतो कुठे, ते बघू. दीपनगर ही भुसावळच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. आपल्या घराघरांतला पगार कोळसा जाळून येतो. भारतीय कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे तीन वॅगन कोळसा आला तर एका वॅगनभर राख मागे उरते. धूर चिमणीत शिरण्याआधी त्यातली बारीक राख ईएसपी या राख पकडणाऱ्या यंत्रात पकडायची, खाली हॉपरमध्ये पाडायची आणि मग तिचं काय करायचं हा प्रश्न. देशभर कितीतरी वर्षं तिचं एकच व्हायचं: पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडून द्यायची. १९९९ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली आणि वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना राख मिसळणं बंधनकारक केलं. पुढे ही कक्षा वाढत गेली, नियम कडक होत गेले. आज पोझोलाना सिमेंटची गोणी घेतली तर तिच्यात १५ ते ३५ टक्के राख असू शकते. ज्या विटांची नवी घरं आपण बांधतो त्यांतही तीच.

या कामाला कोणी रिकामपणाचा उद्योग म्हणत नाही. अभियंत्यानं राखेची वीट केली तर ते तंत्रज्ञान आणि त्याच अभियंत्याच्या घरात कोणी जुन्या वह्यांची परडी केली तर तो टाइमपास, हा भेद मला मान्य नाही. राख टनांत मोजतात आणि वह्या किलोत, तेवढा प्रमाणाचा फरक आहे. वस्तू हातात घेऊन तिच्यातून अजून काय निघेल हे ओळखायची बुद्धी दोन्हीकडे एकच लागते.

ती बुद्धी किती लागते, हे ज्यांनी कधी केलं नाही त्यांना ठाऊक नसतं. माझी आई वरणगावच्या बाजूला खेड्यात राहायची आणि कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. वर्षभराच्या वह्या, जुनं पंचांग, वाण्याच्या पुड्यांचे कागद साठवायची आणि होळी झाली की कामाला लागायची. कागद कात्रीनं कापू द्यायची नाही. हातानं फाडायचा, कारण फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात आणि पुढे तेच एकमेकांत अडकतात. चकचकीत लग्नपत्रिका बाजूला काढायची. तिचा नीट लगदा होत नाही, कपचे राहतात. मग दोन-तीन दिवस कागद भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मऊ झाला की कुटायचा. भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून त्यात मळायची. मेथीच्या चिकटपणानं लगदा धरून राहतो, आणि तिच्या कडूपणामुळे किडे फिरकत नाहीत, असं आई सांगायची. उपड्या पातेल्यावर ओलं फडकं पसरून वर लगदा थापायचा, आणि इथे तिचं सगळं लक्ष जाडीकडे असे. कुठे जाड, कुठे पातळ झालं तर पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड मागे राहतो, आणि दोघांच्या सीमेवर तडा जातो. पहिला दिवस सावलीत वाळवायचं. आपल्याकडचं उन्हाळ्यातलं ऊन पंचेचाळीसच्या वर जातं; त्यात एकदम ठेवली तर वरून कडक आणि आतून ओली राहते, काठ वाकडा होतो.

मी देखभाल विभागात फिटर आहे. तापलेला धातू एका बाजूनं आधी गार झाला की असमान आकसतो आणि काम वाकतं, हे मला प्रशिक्षणात फळ्यावर आकृती काढून शिकवलं. आईनं ते पातेल्यावर शिकून ठेवलं होतं. तिच्या हाताला कोणी प्रमाणपत्र दिलं नाही, म्हणून ते ज्ञान कमी ठरत नाही.

तशीच परडी आज आमच्या टेबलावर आहे, मुलीच्या जुन्या वह्यांची. बाहेरून गेरू दिला आहे, काठाला पांढरी वेलबुट्टी. गेरू आणि वाटीभर मेथी एवढाच खर्च. पाहुणे आले की तिच्यात चिक्की, शेंगदाणे, कधी नुसती लिंबं. हात लावला की कागद आहे हे कळतं आणि प्रत्येक जण ती उचलून बघतोच, कारण दिसायला मातीची आणि वजनाला पिसासारखी.

आता शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूकडे येतो. ती स्वस्त आहे, हे खरं. पण ती वस्तू टेबलावर ठेवण्याआधी तुम्ही काय ठरवलंत? रंग कारखान्यानं ठरवला, आकार त्यानंच, आणि आपल्या घराचा पडदा, टेबलाची लांबी, खिडकीतून येणारा उजेड त्याला माहीत नव्हता. कॉलनीतल्या चार घरांत गेलं की तेच प्लास्टिकचे गुलाब, तीच हसऱ्या बुद्धाची मूर्ती, तोच काचेचा हंस दिसतो. कुणी हौसेनं आणलं आहे, मला त्यात दोष काढायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सजावट म्हणजे निवड, आणि निवडीचं काम आपण हळूहळू दुकानाकडे सोपवून बसलो आहोत. टेबल मांडणं ही गोष्ट घरातल्या माणसाला जमते. कोण येणार, ते काय खाणार, त्यात म्हातारं कोण, लहान कोण, मधे उंच फुलदाणी ठेवली तर समोरच्याचा चेहरा दिसेल का, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही.

शिवाय टेबल एकदाच मांडायचं नसतं. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न, मग संक्रांतीचं हळदीकुंकू, मधे वाढदिवस, कोणाची बढती, कोणाचा निरोपसमारंभ. प्रत्येक वेळी दीडशे धरले तर वर्षाचा आकडा तुम्हीच मांडा. कंत्राटी कामगाराच्या घरात हा आकडा लागतो. आपल्या वसाहतीच्या आजूबाजूला, फेकरीत, अशी घरं आहेत. स्पर्धा बंद करून विकतच्या सजावटीचं प्रदर्शन भरवलं तर ती घरं आपसूक बाहेर राहतील, आणि आजवर या स्पर्धेत बक्षीस कोणाकोणाला मिळालं ते आठवून पाहा.

एका बाबतीत विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. अलीकडे टाकाऊच्या नावाखाली जे होतं, त्यातलं बरंचसं टाकाऊ नसतं. एक रिकामी बाटली, आणि तिच्यावर चढवायला बाजारातून आणलेला सोनेरी रंग, चमकी, आरसे, कृत्रिम मोती, गरम डिंकाची बंदूक. बाटली फुकट, वरचा साज तीनशेचा. काच एरवी धुऊन पुन्हा वापरता आली असती, भंगारात वितळवता आली असती. चमकी चिकटवल्यावर दोन्ही वाटा बंद. सलाईनच्या नळीचे मासे आणि बाहुल्या तर आपल्या महाराष्ट्रात घरोघरी झाल्या. दवाखान्यात वापरलेली नळी हा जैववैद्यकीय कचरा आहे. २०१६ च्या नियमांनुसार ती लाल पिशवीत टाकून निर्जंतुक करायची असते, मुलांच्या हातात द्यायची नसते. म्हणून लोक आता मासे करायला कोऱ्या नळ्या विकत घेतात. याला मी हस्तकला म्हणेन, टाकाऊतली सजावट म्हणणार नाही. थर्माकोलची गोष्ट तर कायद्यानंच संपवली आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर आहे. तेव्हा मखरांचं कसं होणार म्हणून केवढी ओरड झाली होती. पुढच्या वर्षांत पुठ्ठ्याची, कागदाची, बांबूची मखरं आली आणि गणपती नेहमीसारखे बसले.

तेव्हा स्पर्धेत खोट शिरली असेल तर नियम घट्ट करा. खोट शिरली म्हणून स्पर्धाच मोडणं मला पटत नाही.

पर्यावरणाचा मुद्दा. एका घरानं चार बाटल्या रंगवल्या म्हणून नद्या स्वच्छ होत नाहीत, हे मी आधीच कबूल करतो. असा दावा जे करतात ते या कामाचं नुकसान करतात. पण प्रश्न वेगळ्या रीतीनं मांडला पाहिजे. रद्दीवाला आणि भंगारवाला हे आपले खरे पुनर्वापर करणारे. वर्तमानपत्रं, कोरडा पुठ्ठा, लोखंड, पितळ, दुधाच्या पिशव्या ते पैसे देऊन नेतात, आणि ते त्यांनाच दिलं पाहिजे. त्यांच्या पोटावर पाय देऊन सजावट करायची नाही. आपण हात घालायचा तो त्यांनी न उचललेल्या मालाला. भिजलेला कागद ते घेत नाहीत. लगद्याला तो भिजलेलाच हवा असतो. (तेलकट मात्र कशालाच चालत नाही.) तुटलेल्या बांगड्या, एकटा उरलेला कप, कान मोडलेली बशी, विरलेल्या साडीचे काठ, शर्टाची बटणं, लोणच्याची झाकण हरवलेली बरणी: यांना बाजारात भाव नाही, घरात आहे.

शेताच्या कडेला तर याहून जास्त पडलेलं असतं. रावेर-यावलचा केळीपट्टा आपल्यापासून किती लांब आहे? केळीचं झाड एकदाच घड देतं, घड उतरला की खांब कापावाच लागतो. त्याच्या बाहेरच्या साली सावलीत सुकवल्या की तपकिरी, चिवट पट्ट्या मिळतात. वापरायच्या वेळी पाण्यात बुडवून मऊ करायच्या, तीन पदरी वेणी घालायची आणि ती गोल गुंडाळत सुई-दोऱ्यानं शिवत जायची. चहाच्या कपाखाली ठेवायची चकती तयार. कोरड्या सालीची वेणी घालायला गेलं की तुटते, फार ओली असेल तर वाळल्यावर सैल पडते. हाताला जरा दमट लागली की घ्यायची. डिंक नाही, रंग नाही, आणि वर्षानं फाटली की कुंडीत टाकली तरी तिची माती होते.

‘टिकत नाही’ हाही आक्षेप ऐकला. मला तो समजतच नाही. सजावट टिकली पाहिजे, हा आग्रह आपल्या घरांत कधी होता? उंबऱ्यापुढची रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसून नवी काढायची. आंब्याचं तोरण सुकलं की उतरवायचं. श्रावणात कानबाई बसते, तिच्यासाठी चौरंग सजवतात, घर सारवून-रंगवून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. भुलाबाई भाद्रपदाच्या पुनवेला येते आणि कोजागिरीला जाते. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करून आम्ही दिवसभर खेळायचो आणि ती गुरांपुढे जायची. सण सरला की सजावट सरावी, हीच इथली रीत. कपाटावर दहा वर्षं धूळ खात पडलेला शोपीस ही नंतरची गोष्ट आहे. आणि आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना तर हे विशेष कळायला हवं. कोराडी, चंद्रपूर, परळी, कुठलीही ऑर्डर निघते. ट्रक भरताना काचेच्या हंसाला तीन चादरी लागतात. कागदाची परडी शेजारच्या वहिनींना द्यायची आणि पुढच्या क्वार्टरमध्ये नवी करायची.

आता बायकांच्या कष्टाचं. यातला राग खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. रुखवत घ्या. मुळात रुखवत म्हणजे मुलीकडच्यांनी वरपक्षाला पाठवलेले लाडू, करंज्या, फराळ. हळूहळू त्या टेबलावर हातकाम आलं: काडेपेट्यांचा बंगला, लोकरीचं तोरण, बटणांची कासवं, सुपारीचे नवरा-नवरी. लग्नाआधीचे कित्येक महिने मुलगी, तिची आई, मावश्या, काकू रात्र-रात्र जागून ते करायच्या, आणि मांडवात वरपक्षाच्या बायका त्यातलं उणं काढायच्या. मुलीच्या हाताची परीक्षा आणि तीही तिच्या बापाच्या खर्चानं. आता तर तयार रुखवत भाड्यानं मिळतं. जी प्रथा माणसाला इतकं झिजवते ती गेली तर मी रडणार नाही.

पण दोष कशाचा होता? सुपारीच्या नवरा-नवरीचा की सक्तीचा? तीच मावशी, तेच हात, पण कोणी परीक्षक समोर नसेल आणि करायचं की नाही हे तिनंच ठरवलं असेल, तर ते काम तिचं स्वतःचं होतं. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी मागच्या स्पर्धेत विरलेल्या इरकलीच्या काठांची टेबलपट्टी केली होती. काठ आडवे लावायचे की उभे, यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. मला जिन्यात थांबवून विचारलं, “भाऊ, तुम्ही माप घेणारे माणूस, टेबलाच्या कडेवरून किती खाली सोडू?” त्यांच्या आवाजात कष्टाची तक्रार नव्हती. एखादं काम जमून येतंय असं दिसायला लागलं की माझ्या वर्कशॉपमधला माणूस जसा बोलतो, तशा त्या बोलत होत्या. त्यांना जाऊन सांगा की तुम्हाला गुंतवून ठेवण्यात आलं आहे. माझी हिंमत होणार नाही.

आणि हे काम बायकांचंच, हे तरी कोणी ठरवलं? चंदीगडचं रॉक गार्डन ज्यांनी केलं ते नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. १९५७ पासून नोकरीच्या वेळेबाहेर त्यांनी फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा गोळा करून मूर्ती उभ्या केल्या. १९७६ साली ते उद्यान लोकांना खुलं झालं. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीचे अभियंता, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ साली ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन मुलांपुढे बसले. नळीचे तुकडे सांध्याला, काड्या बाजूंना. चौकोन केला तर दाबल्यावर कलतो, त्रिकोण कलत नाही. आपल्या स्विचयार्डातून निघणारे विजेचे मनोरे त्रिकोणांनी का विणलेले असतात, हे सहावीतल्या मुलाला दोन मिनिटांत कळतं, पैशाची वस्तू न लागता. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या दोघांना कोणी म्हटलं नाही की घरकामातून उसंत मिळाली म्हणून हे करत बसलात. पुरुषानं टाकाऊत हात घातला की कलावंत किंवा शास्त्रज्ञ, बाईनं घातला की वेळ घालवते. अन्याय दिसत असेल तर तो इथे दिसतो, आणि स्पर्धा बंद केल्यानं तो दूर होत नाही. बाईच्या कामाला उरलेली एक जागाही जाते.

म्हणून माझी मागणी अशी. स्पर्धा यंदाही भरवा, मात्र घरातल्या एकीच्या नावानं प्रवेश नको, कुटुंबाच्या नावानं द्या, आणि मांडणी समजावून सांगायला घरातला पुरुष किंवा मूल उभं राहील अशी अट घाला. ज्याला सांगता येणार नाही त्यानं ते केलेलं नाही, हे परीक्षकांना लगेच कळेल. विकत आणलेल्या प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी टेबलावर लावा, किमतीसकट. डिंक, दोरा, गेरू सोडून पन्नास रुपयांवर खर्च गेला तर प्रवेश बाद. चमकी, थर्माकोल आणि दवाखान्यातली कुठलीही वस्तू दारातूनच परत. भंगारवाल्यानं पैसे दिले असते असा माल वापरला तर गुण कमी. फेकरीच्या घरांना बोलावणं पाठवा, फी घेऊ नका. आणि सण संपल्यावर या वस्तूचं काय करणार, हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. ज्याच्याकडे त्याचं उत्तर तयार असेल त्याला त्याचे वेगळे गुण द्या. परीक्षक म्हणून प्रस्ताव मांडणाऱ्यांपैकीच दोघांना बसवावं, असं मी सुचवतो. त्यांना दोष बारकाईनं दिसतात, आणि तशा डोळ्यांची तिथे गरज आहे. टेबलं लावण्याचं आणि आवरण्याचं काम आमच्या शिफ्टचे लोक करतील. मी नाव नोंदवलं आहे.